ज्वर उतरल्यानंतरचे मन
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण, किंचित संस्कारित स्वरूपात)



मंडळाच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा गौरव करण्यासाठी आपण एकत्र जमलो असताना आजारपणाचा विषय काढणे काहींना अप्रशस्त वाटेल. परंतु कार्यवाहांनी मला विषय निवडण्याचे स्वातंत्र्य दिले, आणि दिल्लीत चार दशके वैद्यकीय व्यवसाय केलेल्या माणसाने संगीतावर किंवा राजकारणावर बोलण्यापेक्षा आपल्या प्रांतात राहावे हे श्रोत्यांच्याही हिताचेच आहे. शिवाय मी आज बोलणार आहे ते आजाराविषयी नव्हे, आजार संपला असे सर्वांनी मानल्यानंतरच्या काळाविषयी. विषाणूजन्य ताप उतरतो, तपासण्यांचे अहवाल निर्दोष येतात, आप्तेष्ट अभिनंदनाचे दूरध्वनी करतात. आणि तरीही आपले मन आपल्या हाती परत आलेले नाही, असे त्या माणसाला जाणवत राहते. वाचलेले वाक्य दुसऱ्या ओळीपर्यंत टिकत नाही. ओळखीचे नाव ओठांपर्यंत येऊन परत फिरते. दोन माणसे एकाच वेळी बोलू लागली की दोघांचेही बोलणे नुसता गलका वाटू लागते. या अवस्थेला अलीकडे 'ब्रेन फॉग' असे नाव रूढ झाले आहे. बुद्धीवरचे धुके असे आपण म्हणू. दिल्लीकरांना धुक्याची ओळख करून देण्याची गरज नाही.

सन २०२१ चा एप्रिल महिना या सभागृहातील कोणीही विसरलेला नसेल. १९ एप्रिलच्या रात्री टाळेबंदी लागली आणि दुसऱ्या दिवशी या एका शहरात २८,३९५ नवे रुग्ण नोंदले गेले. प्राणवायूच्या नळकांड्यांसाठी रात्ररात्र फिरलेले लोक आज माझ्यासमोर बसलेले आहेत. त्या दिवसांत जगणे हाच एक प्रश्न होता, आणि जे वाचले त्यांनी वाचल्याबद्दल कृतज्ञ असावे, आणखी काही मागू नये, अशी सर्वांचीच भावना होती. त्यामुळे उन्हाळा सरून पाऊस आला तेव्हा जे रुग्ण संकोचत माझ्याकडे येऊ लागले, ते तक्रार सांगण्यापूर्वी क्षमा मागत. 'डॉक्टर, तसे सगळे ठीक आहे, पण...' अशी त्यांची सुरुवात असे.

त्यांपैकी एक गृहस्थ एका कार्यालयात लेखाधिकारी होते. माणूस मोठा टापटिपीचा; आकड्यांवर त्यांचे इतके प्रेम की जमाखर्चाची बेरीज ते यंत्राच्या आधी तोंडी सांगत. आजारातून उठून तीन महिने झाले होते. ताप नाही, खोकला नाही, फुप्फुसांची छायाचित्रे स्वच्छ. परंतु चार आकडी रकमांचा एक रकाना वरून खाली जाईपर्यंत हातचा विसरावा, आणि पुन्हा वरून आरंभ करावा, असे दिवसातून पन्नास वेळा होऊ लागले. सकाळी दोन तास बरे जात. दुपारी मेट्रोच्या गर्दीतून एखाद्या बैठकीला जाऊन आले की पुढचे दोन दिवस अंथरुणात काढावे लागत. कार्यालयात कुजबुज सुरू झाली होती. वरिष्ठांनी आडून सुचवले की निवृत्ती जवळ आली म्हणजे काही जणांना असे आजार होतात. घरच्यांनी बदाम, ब्राह्मी आणि उपदेश यांचा मारा चालवला होता. गृहस्थांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहून खिशात ठेवला होता आणि तो मला दाखवला. अक्षर सुंदर होते. दिनांक मात्र चुकला होता, आणि ते माझ्या आधी त्यांच्याच लक्षात आले. त्या वेळची त्यांची मुद्रा मी विसरू शकत नाही. मी त्यांना एवढेच म्हटले, की हा अर्ज सहा महिने घरी कुलूपबंद ठेवा. बुद्धी गेल्यामुळे नव्हे, तर शक्ती गेल्यामुळे असे होत आहे. या दोन विधानांतील अंतर कळणे हाच माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा आहे.

हा प्रकार नवा आहे, या एकाच साथीने तो आणला, असा एक समज पसरला आहे. तो खरा नाही. आपल्यापैकी वयस्करांनी आजी-आजोबांच्या तोंडून 'मानमोडी' हा शब्द ऐकला असेल. १९१८ सालच्या इन्फ्लुएंझाला महाराष्ट्राने दिलेले ते नाव. त्या साथीत हिंदुस्थानात एक कोटीहून कितीतरी अधिक माणसे दगावली. हा मृत्यूंचा आकडा इतका प्रचंड आहे की वाचलेल्यांचे काय झाले हे विचारायला कोणाला उसंत नव्हती. मान मोडणे म्हणजे केवळ दुखणे नव्हे. माणूस मान वर करू शकत नाही, उभारी धरू शकत नाही, ही अवस्था त्या एका शब्दात आली आहे. लोकभाषेचे निदान पुष्कळदा वैद्यांच्या निदानापूर्वी होते.

दिल्लीला तर याचे स्वतःचे असे एक उदाहरण आहे, आणि ते आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. १९५५ च्या नोव्हेंबरात पुरानंतर यमुनेचा प्रवाह सरकला आणि नजफगढ नाल्याचे सांडपाणी वजीराबादच्या उपसा केंद्राच्या मुखापर्यंत पोहोचले. पाण्यात क्लोरिन अधिक घालण्यात आले. त्यामुळे विषमज्वर, अतिसार यांसारखे जंतूंचे रोग फारसे वाढले नाहीत. पण विषाणू त्या गाळणीतून निसटला. डिसेंबर आणि जानेवारीत घरोघर कावीळ झाली. डोळे पिवळे झालेल्यांचीच संख्या सुमारे २९,००० असावी असा अंदाज करण्यात आला, आणि गर्भवती स्त्रियांना हा आजार विशेष घातक ठरला. हा विषाणू कोणता, याचा उलगडा व्हायला पंचवीस वर्षे लागली. त्या साथीतील रुग्णांच्या रक्ताचे जपून ठेवलेले नमुने पुढे तपासले गेले, आणि १९८० साली प्रसिद्ध झालेल्या ज्या संशोधनाने ही कावीळ तोवर परिचित असलेल्या दोन्ही प्रकारांहून वेगळी असल्याचे दाखवले, त्यात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेचा वाटा होता. आज त्या विषाणूला आपण हिपॅटायटिस-ई म्हणतो. दिल्लीच्या पाण्यातले कोडे सोडवण्यात पुण्याचा हात लागला, ही गोष्ट महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाने अभिमानाने सांगावी अशी आहे.

कावीळ उतरल्यानंतर कित्येक आठवडे, क्वचित महिने, मनुष्य थकलेला, उदास आणि अनवधानी राहतो, हे प्रत्येक जुन्या डॉक्टरला ठाऊक असे. त्यावर उपाय म्हणून रुग्णाला सक्तीने अंथरुणाला खिळवून ठेवण्याची रीत होती. आता योगायोग पाहा. दिल्लीत साथ आली त्याच १९५५ साली अमेरिकेत टॉमस चाल्मर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कोरियाच्या युद्धात कावीळ झालेल्या सैनिकांचे त्यांनी गट केले. काहींना सक्तीची पूर्ण विश्रांती. काहींना जेवणानंतर तासभर पडून राहण्याची अट तेवढी घातली, बाकी वाटेल तसे हिंडण्याफिरण्याची मुभा. दुसऱ्या गटाचे लोक पहिल्यापेक्षा उशिरा बरे झाले नाहीत. म्हणजे शरीर मागेल तेवढी विश्रांती पुरे होती; हुकमाने दिलेली विश्रांती अधिक काही देत नव्हती.

आणि त्याच १९५५ च्या जुलैत लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात एक विचित्र साथ आली. तेथील जवळजवळ तीनशे कर्मचारी, त्यांत परिचारिका बहुसंख्य, आजारी पडले आणि रुग्णालय काही आठवडे बंद ठेवावे लागले. त्यांच्यापैकी अनेकांचा थकवा, स्मृतिभ्रंश आणि एकाग्रतेचा अभाव दीर्घकाळ टिकला. पंधरा वर्षांनी, १९७० साली, दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जुनी कागदपत्रे चाळून निर्णय दिला की हा सामूहिक उन्माद होता. त्यांच्या युक्तिवादात रुग्णांत स्त्रियांचे प्रमाण अधिक होते याला महत्त्वाचे स्थान होते. या निर्णयाचे ओझे पुढच्या दोन पिढ्यांतील रुग्णांनी वाहिले. तपासणीत दिसत नाही म्हणून दुखणे नाही, हा तर्क वैद्यकशास्त्राला शोभणारा नाही. पण तो आमच्या व्यवसायात पुष्कळ चालतो, हे मी येथे स्पष्टपणे सांगतो.

अलीकडच्या साथीने एक उपकार केला. पीडितांत स्वतः डॉक्टर इतके होते की हा विषय झटकून टाकणे अशक्य झाले. ऑक्टोबर २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या उत्तर-अवस्थेची व्याख्या निश्चित केली आणि थकवा व धाप यांच्याबरोबर बुद्धीच्या कार्यातील मंदपणाही तिच्या प्रमुख लक्षणांत नोंदवला. २०२२ साली ब्रिटनमधील ७८५ व्यक्तींच्या मेंदूची आधीची आणि नंतरची चित्रे ताडून पाहण्यात आली. त्यांतील ज्या ४०१ जणांना मधल्या काळात संसर्ग झाला होता, त्यांच्या मेंदूत, विशेषतः घ्राणेंद्रियाशी संबंधित भागात, सूक्ष्म फरक आढळले. हे वाचून घाबरून जाऊ नये. कारण २०२४ साली इंग्लंडमध्येच एक लाखाहून अधिक लोकांच्या बुद्धीच्या चाचण्या घेतल्या गेल्या, तेव्हा असे दिसले की ज्यांची लक्षणे बारा आठवड्यांहून अधिक टिकली पण पुढे मावळली, त्यांचे गुण थोडक्यात बरे झालेल्यांच्या जवळपास येऊन पोहोचले होते. धुके दाट असले तरी सूर्य बुजलेला नसतो, असा याचा अर्थ मी घेतो.

आता आपल्याकडील शास्त्राकडे वळतो. मी स्वतः पाश्चात्त्य वैद्यकाचा विद्यार्थी. आयुर्वेदाचे गोडवे गाणे किंवा त्याची टिंगल करणे, दोन्ही मला परके. परंतु चरकसंहितेतील चिकित्सास्थानाचा तिसरा अध्याय, जो संपूर्ण ज्वरावर आहे, तो मी उतारवयात वाचला आणि चकित झालो. ज्वर हा देह, इंद्रिये आणि मन या तिघांनाही तापवतो, असे तेथे मानले आहे. म्हणून ज्वर गेला हे ओळखण्याची जी खूण दिली आहे, ती केवळ अंगाचा दाह शमण्याची नाही. थकवा जावा, पीडा नसावी, इंद्रिये निर्मळ व्हावीत आणि मन आपल्या मूळ स्वभावावर यावे, तेव्हा त्या पुरुषाला ज्वरमुक्त समजावे. आमच्या तापमापकावर पारा अठ्ठ्याण्णववर आला की आम्ही रुग्णाला घरी धाडतो. त्या ग्रंथकाराने मात्र अद्याप त्याला रुग्णच मानले असते. पुढे तो सांगतो की अंगात बळ येईपर्यंत ज्वरातून सुटलेल्याने व्यायाम, मैथुन, स्नान आणि फार हिंडणे टाळावे, नाहीतर गेलेला ज्वर फिरून येतो. अट काळाची नाही, बळाची आहे. अमुक दिवसांनी कामाला लागा असे तो म्हणत नाही. स्नानाच्या निषेधावर आज कोणी अडून बसू नये. परंतु मूळ तत्त्व मला लाखमोलाचे वाटते.

ऑक्टोबर २०२१ मध्येच ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक संस्थेने दीर्घ थकव्याच्या विकारासंबंधी आपली जुनी भूमिका बदलली. ठराविक दराने रोज व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार अशा रुग्णांना देऊ नये आणि त्यांनी आपल्या शक्तीच्या मर्यादेत राहून हालचाल करावी, असे तिने सांगितले. दोन सहस्रकांच्या अंतराने दोन शास्त्रे एकाच दाराशी आली. यावरून आपल्या पूर्वजांना सर्व काही ठाऊक होते असा निष्कर्ष कोणी काढू नये. त्यांना विषाणू ठाऊक नव्हता. पण आजारी माणसाजवळ बसून त्याच्याकडे पाहण्याची सवड त्यांना होती.

येथे भाषेविषयी थोडे विषयांतर करतो. दिल्लीत आलेल्या मराठी माणसाला हिंदीतील 'स्वस्थ' हा शब्द पहिल्यांदा गोंधळात टाकतो. हिंदीत स्वस्थ म्हणजे निरोगी. मराठीत आई मुलाला 'स्वस्थ बस' म्हणते तेव्हा तिला त्याच्या प्रकृतीची विचारपूस करायची नसते. शब्द एकच, एका भाषेने त्याचा आरोग्याचा अर्थ ठेवला, दुसरीने निश्चलतेचा. सुश्रुताने स्वस्थाचे लक्षण सांगताना दोष, अग्नी, धातू यांच्या समतोलाबरोबर आत्मा, इंद्रिये आणि मन यांची प्रसन्नता गृहीत धरली आहे. तेथे हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. माझ्या रुग्णांना मी म्हणत असे की हिंदीतले स्वस्थ व्हायचे असेल तर काही काळ मराठीतले स्वस्थ राहावे लागेल. हल्ली 'होलिस्टिक' म्हणून ज्या समग्र आरोग्यविचाराचा गाजावाजा होतो, त्याचा याहून फार निराळा अर्थ मला तरी सापडलेला नाही.

मग स्वस्थ राहायचे म्हणजे काय करायचे? प्रथम, जे सहज बरे होण्यासारखे आहे ते शोधून काढावे. ताप येऊन गेल्यानंतरचे प्रत्येक धुके विषाणूचेच असते असे नाही. आपल्या शाकाहारी घरांत बी-१२ या जीवनसत्त्वाची उणीव सर्रास आढळते आणि ती स्मृती मंद करते. रक्तातील लोह, थायरॉइड ग्रंथीचे कार्य, आजारात घेतलेल्या स्टेरॉइडमुळे चढलेली साखर, घोरण्यामुळे तुटणारी झोप, आणि ज्याचे नाव घ्यायला आपल्याकडे लाज वाटते ते औदासीन्य. या सर्वांची तपासणी एकदा व्हावी. यातले काही सापडले तर उपचार सोपा आहे. तोंड वाकडे होणे, हातपाय लुळा पडणे, एकाएकी भ्रम होणे, असह्य डोकेदुखी, अशी लक्षणे असतील तर मात्र पथ्यपाण्याच्या गोष्टी बाजूला ठेवून तत्काळ रुग्णालय गाठावे.

त्यानंतर शक्तीचा जमाखर्च. माझ्या लेखाधिकारी मित्राला ही भाषा तत्काळ पटली. मी त्यांना एक वही घालायला सांगितली. जमेच्या बाजूला झोप, अन्न, निवांतपणा. खर्चाच्या बाजूला केवळ शारीरिक श्रम नव्हेत, तर वाचन, वादविवाद, दूरध्वनी, गोंगाट, पाहुणे आणि चिंता हेही. बुद्धीचे काम फुकट होते, हा आपला एक भ्रम आहे. चार आठवड्यांत त्यांच्याच लक्षात आले की ज्या दिवशी बरे वाटते त्या दिवशी ते साचलेले सारे काम उरकायला जातात आणि पुढचे दोन दिवस दिवाळे निघते. मग आम्ही ठरवले की चांगल्या दिवशीही काम थकवा येण्यापूर्वी थांबवायचे. वीस मिनिटे हिशेब, दहा मिनिटे डोळे मिटून पडणे. धुक्यात गाडी चालवणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. समोरचे दिसत नाही म्हणून मोठे दिवे लावले तर पांढरी भिंतच समोर उभी राहते. दिवे खाली करून सावकाश जावे लागते. सर्वांनाच एवढी सावधगिरी लागते असे नाही. पुष्कळांना दोन-तीन आठवड्यांत रोजचे फिरणे थोडेथोडे वाढवता येते आणि ते हितावहच असते. परंतु ज्याला श्रमानंतर दुसऱ्या दिवशी अधिक बिघडलेले वाटते, त्याने वाढवण्याची घाई करू नये.

झोपेविषयी एकच सांगतो. अंथरुणात पडून हातातल्या पडद्यावर स्वतःच्याच रोगाची माहिती मध्यरात्रीपर्यंत वाचणारे रुग्ण मी शेकड्यांनी पाहिले. उठण्याची वेळ ठरलेली असावी आणि सकाळचा प्रकाश डोळ्यांवर पडावा. एवढ्याने पुष्कळ काम होते.

आहाराच्या बाबतीत आपल्या आज्या शहाण्या होत्या. भाताची पेज, मग मऊ भात, मग मुगाचे कढण, मग मेतकूट-भात-तूप, आणि भूक खणखणीत लागू लागली म्हणजे पोळी-भाजी. हा क्रम आयुर्वेदातील पेया, विलेपी, यूष यांच्या क्रमाचाच घरगुती अवतार आहे. मात्र आजी पथ्यावर तीन-चार दिवस ठेवीत असे, तीन महिने नव्हे. पेजेवरच रुग्णाला ठेवले तर स्नायू झिजतात. डाळ, दूध, दही, अंडी, खाणाऱ्यांनी मासे, यांतून पुरेशी प्रथिने पोटात जायलाच हवीत. दिल्लीच्या काही घरांत उलट टोक दिसते: अशक्तपणा आला म्हणून पाहुणे सुक्या मेव्याचे डबे घेऊन येतात आणि जेमतेम जागा झालेल्या अग्नीवर तुपातले लाडू लादले जातात.

श्वासाच्या अभ्यासाला मी मोठे स्थान देतो. १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी योगाला प्रयोगशाळेत नेण्याचे धाडस केले, हे मराठी माणसाने विसरू नये. येथे दिल्लीत अशोक मार्गावर मोरारजी देसाई राष्ट्रीय योग संस्था आहे. तेथील वर्ग पुष्कळांना ठाऊक असतील. २००१ साली इटलीतील संशोधकांनी २३ निरोगी माणसांना ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना आणि बौद्ध मंत्र म्हणायला लावले. दोन्हींत श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहापर्यंत उतरली आणि हृदय व रक्तदाब यांच्या लयी जुळून आल्या. आमच्या मंडळींनी हरिपाठ म्हटला असता तर काय झाले असते हे पाहण्याचा मोह मला होतो. रुग्णाने उताणे पडून, नाकाने, बळ न लावता, श्वास थोडा लांबवावा; दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटे. भस्त्रिका आणि कपालभाती यांची या काळात गरज नाही. आजारातून उठलेल्या माणसाला पहाटे उद्यानात उभे करून जोरजोराने उच्छ्वास करायला लावणारे उत्साही शिक्षक मला माहीत आहेत, आणि त्यांच्या सद्हेतूबद्दल मला शंका नाही.

उद्यानावरून आठवले. सकाळी फिरायला जा, हा सल्ला पुण्या-कोल्हापुरात निरपवाद असेल. दिल्लीत डेंग्यूची साथ पावसाळ्याच्या अखेरीस जोर धरते. १९९६ साली तिने दहा हजारांहून अधिक लोकांना रुग्णालयांत पोहोचवले आणि चारशेंहून अधिक बळी घेतले, ते दिवस आठवावेत. म्हणजे डेंग्यूचा रुग्ण अंथरुणातून उठतो तो नेमका ऑक्टोबर-नोव्हेंबरात, जेव्हा आपली हवा सर्वांत वाईट असते. अशा वेळी पहाटे लोधी उद्यानात फेऱ्या मारण्यापेक्षा घरातल्या व्हरांड्यात शतपावली केलेली बरी. ऊन वर येऊन हवा थोडी निवळली की बाहेर पडावे.

औषधांविषयी न बोलता पुढे गेलो तर तुम्ही मला सोडणार नाही. बुद्धिवर्धक म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या, अर्क आणि सलाइनमधून दिली जाणारी जीवनसत्त्वे यांवर दिल्लीच्या परिसरात किती पैसा ओतला गेला याची गणती नाही. जे 'नैसर्गिक' ते निरुपद्रवी, हे खरे नव्हे. करोनाच्या काळात घरोघर गुळवेलीचे, म्हणजे इकडच्या गिलोयचे, काढे सुरू झाले. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांत यकृताला झालेल्या इजेची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला हरकत घेतली आणि वनस्पतीची ओळख नीट पटवली नसल्याचा आक्षेप काढला. वाद कोणीही जिंको; महिनोन्महिने, प्रमाण न पाहता, शेजाऱ्याच्या कुंडीतील वेल उकळून पिऊ नये, इतके तरी दोन्ही पक्ष मान्य करतील. निसर्गोपचाराबद्दल मला आदर आहे. १९४६ साली गांधीजींनी उरुळीकांचनला ते काम सुरू केले ते गरिबाला परवडावे म्हणून. आज त्याच नावाखाली सात दिवसांसाठी लाखभर रुपये आकारणारी ठिकाणे महामार्गांवर उभी आहेत. तेथे जाऊन माणसाला बरे वाटतेही. कारण तेथे त्याला कोणी कामाला लावत नाही.

हे वाक्य मी विनोदासाठी म्हटले नाही. लेखाधिकाऱ्याला रजा होती, वही होती, दुखण्याला नाव देणारा डॉक्टर होता. त्यांच्या पत्नीलाही त्याच आठवड्यात ताप आला होता. दोन महिन्यांनी मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा आमटीत मीठ दोनदा पडले होते, आणि सगळे हसले. त्याही हसल्या. मागाहून स्वयंपाकघराच्या दारात त्या मला हळूच म्हणाल्या, 'गॅस बंद केला की नाही हे पाहायला मी रात्री तीनदा उठते, डॉक्टर. ह्यांना सांगू नका.' बुद्धीचे काम म्हणजे कचेरीचे काम, अशी आपली समजूत असल्यामुळे गृहिणीच्या बुद्धीवर धुके आले आहे हे कोणाच्या ध्यानातच येत नाही. वस्तुतः पाच माणसांची पथ्ये, वेळा, औषधे, दूधवाल्याचे पैसे आणि कुकरच्या शिट्ट्या एकाच वेळी ध्यानात ठेवणे हे कोणत्याही ताळेबंदापेक्षा अवघड आहे. त्यांच्यासाठी मी वेगळी चिठ्ठी लिहिली. त्यात औषध नव्हते. सहा आठवडे दुपारचा स्वयंपाक घरातील अन्य कोणी करावा अथवा डबा लावावा, असे लिहून खाली मी सही केली आणि शिक्काही मारला. कारण शिक्क्याशिवाय आमच्या घरांत विश्रांती मंजूर होत नाही. मुलाने कुकर लावायला शिकला. तो पुढे बरा स्वयंपाक करू लागला, असे ऐकतो.

लेखाधिकारी अकराव्या महिन्यात पूर्ण वेळ कामावर रुजू झाले. तोंडी बेरजा पूर्वीच्या वेगाने होत नाहीत; ते आता कागदावर हातचा लिहितात. अर्ज त्यांनी फाडला नाही. नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त झाल्यावर तो मला आणून दिला. त्यांच्या पत्नीचे उठणे रात्रीतून एकदावर आले, मग थांबले.

मंडळाला एक विनंती करून थांबतो. आपल्या सभासदांत दर पावसाळ्यानंतर पाच-दहा माणसे अशा उत्तर-काळात असतात. द्वारकेत, नोएडात, गुरुग्रामात, एकेकटी. त्यांना भेटायला जाणारे गटाने जातात, तासभर बसतात आणि आपापल्या नातलगांचे रोग सांगतात. त्याऐवजी एकाने जावे, पंधरा मिनिटे बसावे. चहा करायला लावू नये. न्यायचाच असेल तर डबा न्यावा. वाचनालयातील एखादे पुस्तक घेऊन जावे आणि दोन पाने मोठ्याने वाचून दाखवावीत, कारण ज्याला स्वतः वाचता येत नाही त्यालाही ऐकता येते, आणि ऐकताना तो झोपी गेला तर वाचणाऱ्याने रागावू नये. पुढच्या आठवड्यात त्याच पानापासून आरंभ करावा. यासाठी नावे नोंदवण्याची वही कार्यवाहांनी आजच दाराशी ठेवली आहे. तीत पहिल्या रकान्यात वाचणाऱ्यांची आणि दुसऱ्यात ज्यांच्याकडे जायचे त्यांची नावे लिहायची आहेत. दुसऱ्या रकान्यात स्वतःचे नाव लिहायला कोणी संकोच करू नये.